मधुमेहाचे संशोधन आणि आपल्या नर्सभगिनी

(केडगाव येथील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हांस थांबवून विचारले, की बँकेतल्या माणसाचा आणि मधुमेहाच्या संशोधनाचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून लागलो, ते अजून तिथेच आहोत. परंतु हा विषय आमच्या टेबलावरून रोज जातो आणि तो दोन वाटांनी जातो. एक वाट पेन्शनच्या रांगेची. पूर्वी या रांगेत गुडघेदुखीची चर्चा चाले, आता "तुमची उपाशीपोटी किती आली?" ही चर्चा चालते. दुसरी वाट शैक्षणिक कर्जाच्या फायलींची. आपल्या वस्त्यांमधून येणाऱ्या मुलींच्या फायली उघडल्या, की जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंग हे शब्द वारंवार दिसतात. म्हणजे रोगही आपल्या घरात आहे आणि त्या रोगाची शुश्रूषा करणारी लेकही आपल्याच घरात आहे. परंतु हा रोग आपल्या माणसांना का होतो, कोणाला आधी होतो, कोणत्या उपायाने आटोक्यात येतो, हे शोधून काढण्याचे काम त्या लेकीचे आहे, असे तिला कोणी सांगितलेले नाही. तिच्या वडिलांनी नाही, तिच्या कॉलेजनेही फारसे नाही. आज आम्हांस याच रिकाम्या जागेविषयी बोलायचे आहे.

मधुमेह आपल्या समाजाला परका नाही. खुद्द बाबासाहेबांना हा रोग होता. १९४८ च्या सुमारास त्यांच्या पायांच्या वेदना फार वाढल्या होत्या, इन्सुलिन घ्यावे लागे, पथ्य सांभाळावे लागे. त्याच वर्षी १५ एप्रिलला डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढची आठ वर्षे माईसाहेबांनी त्यांची प्रकृती डॉक्टरच्या नजरेने जपली. राज्यघटनेचे काम आणि धम्माचा ग्रंथ या काळातले आहेत. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचले गेले ते १९२२ साली. एका पिढीपूर्वी बाबासाहेबांना हा रोग झाला असता तर काय झाले असते, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा. प्रयोगशाळेतले संशोधन इतिहासाच्या इतके जवळ असते.

आता आकडे. आय.सी.एम.आर.ने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना रक्तदाब. याच पाहणीचा पहिला टप्पा २०११ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के होते, झारखंडचे ५.३ आणि चंदीगडचे १३.६. एकाच देशात एवढा फरक. असा फरक दिसला की बँकेतला माणूस लगेच विचारतो, हा फरक कशाचा? खतावणी जुळत नसेल तर ती मिटवून ठेवता येत नाही, फरक शोधावाच लागतो.

हा फरक शोधायचा म्हणजे आधी मोजपट्टी तपासायला हवी. आणि या बाबतीत आपल्या पुण्याने जगाला एक मोठी गोष्ट शिकवली आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी स्वतःचीच मोजमापे घेतली आणि ती २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक असतो, बी.एम.आय., तो दोघांचाही २२.३. म्हणजे कागदावर दोघे सारखेच सडपातळ. परंतु शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दोन खात्यांवर शिल्लक तेवढीच, पण एकाची स्वतःची आणि दुसऱ्याची कर्जाची, असा हा प्रकार. वरून आकडा पाहून काहीच कळत नाही.

हे अंगात येते कुठून? १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर मातांचा एक अभ्यास सुरू झाला. तिथे जन्मलेल्या ६३१ बाळांची तुलना इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी केली गेली आणि निष्कर्ष २००३ साली छापले गेले. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ सगळीकडून लहान होते, पोटाचा घेर लहान, स्नायू कमी. परंतु पाठीवर खांद्याच्या हाडाखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबी राखून असलेले बाळ. त्याच अभ्यासातून २००८ साली असे पुढे आले, की गरोदरपणी आईला ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले आणि फोलेट मात्र जास्त असले, तर मूल सहा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याची चिन्हे दिसू लागतात. ज्या रोगाला आपण श्रीमंतांचा रोग म्हणत होतो त्याची मुळे उपासमारीच्या पोटात निघाली.

विद्यार्थी मित्रांनो, या मोठ्या शोधात हाताने केलेले काम कोणते होते ते पाहा. जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत त्या बाळाच्या घरी पोचायचे, कॅलिपरच्या चिमट्यात त्याच्या पाठीची कातडी धरायची आणि मिलिमीटरपर्यंत आकडा लिहायचा. आई दमलेली, आजी संशयाने पाहते आहे, बाळ रडते आहे. हे काम प्रशिक्षण घेतलेल्या क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी केले. त्यांनी आकडा 'अंदाजे' लिहिला असता तर निबंधही नाही आणि शोधही नाही. बाळाला हात लावण्याचा विश्वास, बाळंतिणीशी बोलण्याची भाषा आणि मोजण्याची शिस्त, या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत हव्या असतील तर नर्सपेक्षा योग्य कोण आहे? फक्त एक पायरी पुढे जायला हवे. मोजणारीनेच प्रश्नही काढला पाहिजे.

नर्सने संशोधन करावे ही कल्पना नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा सगळ्यांना आठवतो, तिच्या हातातले तक्ते कोणी सांगत नाही. सैनिक लढाईच्या जखमांपेक्षा घाणीने आणि साथींनी जास्त मरतात हे तिने आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले, आणि ती त्या संस्थेची पहिली स्त्री सभासद. अमेरिकेत नर्सिंग संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९८६ साली निघाले आणि १९९३ साली त्याला संस्थेचा दर्जा मिळाला. तिथे तरुण नर्सला पीएच.डी.च्या आसपासच्या वर्षांत निवडून, वडीलधाऱ्या संशोधकाच्या हाताखाली ठेवून, वेगवेगळ्या वंशांच्या आणि वस्त्यांच्या लोकांमध्ये मधुमेह, स्थूलता, रक्तदाब यांचा अभ्यास करायला शिकवले जाते. त्यासाठी तिला पगार असतो, वेळ असतो, संख्याशास्त्रज्ञ शेजारी असतो.

आपल्याकडे नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्लीला आणि वेल्लोरला सुरू झाली. एम.एस्सी. १९५९ साली दिल्लीला आली. पीएच.डी.साठी राष्ट्रीय पातळीवर एकत्रित सोय व्हायला २००५ सालच्या आसपासचा काळ उजाडला. पदवी आणि डॉक्टरेट यांच्यात साठ वर्षांचे अंतर. यामागे निव्वळ पैशाचा प्रश्न होता असे आम्हांस वाटत नाही. दुसऱ्याचे मलमूत्र काढणारे काम हलके, असे मानणारा हा देश. म्हणून वरच्या म्हणवणाऱ्या घरांनी आपल्या मुली इकडे फार काळ पाठवल्या नाहीत, मिशनच्या दवाखान्यांत ख्रिस्ती मुली गेल्या, मागून आपल्या मुली गेल्या. आणि ज्या कामाला हात हवेत त्या कामाला डोकेही लागते हे मान्य करायला व्यवस्था तयार नव्हती. विनयपिटकात रुग्णाची सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्यात करुणा आहे, किळस न येणे आहे, आणि त्यांच्याच बरोबरीने औषध सिद्ध करता येणे आणि पथ्यापथ्य ओळखता येणे हेही आहे. म्हणजे सेवेकऱ्याला ज्ञान असलेच पाहिजे हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालेले आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. हा साखरेचा जिल्हा. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात १९५० च्या सुमारास आपल्याच प्रवरानगरला झाली. आणि नर्सिंगच्या शिक्षणाची सोयही आपल्याकडे बरी आहे. लोणीला आहे, विळद घाटात आहे, शहरात बूथ हॉस्पिटलला आहे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. मग संशोधनासाठी विषय कमी पडतील का? आमच्यासारख्या कला शाखेच्या माणसालाही दोन-तीन दिसतात, ते सांगतो.

पहिला विषय बहात्तरच्या दुष्काळाचा. इथे बसलेल्या ज्येष्ठांना लाल मिलो आठवत असेल, सुकडी आठवत असेल, खडी फोडायला गेलेल्या गरोदर बायका आठवत असतील. त्या बायकांच्या पोटात जी मुले होती ती आज पन्नाशी ओलांडून गेली. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे मोठी उपासमार झाली होती. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलांना पन्नाशीला साखर पचवणे जड जाते, असे तिथल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले. आपल्याकडे हाच प्रश्न विचारता येईल. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या भागांत १९७१ आधी, दुष्काळात आणि १९७४ नंतर जन्मलेल्यांची साखर, कंबर आणि रक्तदाब यांची तुलना करायची. अडचण एकच आहे. जन्मतारखा खऱ्या नाहीत, बहुतेकांची तारीख शाळेच्या मास्तरांनी लावलेली १ जून आहे! आमच्या खातेदारांच्या फॉर्मवरही तीच तारीख. तेव्हा म्हातारीला विचारावे लागेल, "हा पोटात होता तेव्हा तुम्ही कुठल्या कामावर होता?" हे विचारणे कॉम्प्युटरला जमणार नाही. भाऊसाहेबालाही जमणार नाही. सिस्टरला जमेल.

दुसरा विषय ऊसतोडीचा. आरोग्य खात्याच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म भरला जातो. वय किती, तंबाखू-दारू आहे का, कंबर किती, व्यायाम किती, घरात कोणाला मधुमेह-रक्तदाब आहे का. त्याचे गुण करतात आणि चारांहून अधिक गुण झाले तर तपासणीला आधी पाठवतात. फॉर्म आशाताई भरतात आणि पुढचे काम उपकेंद्रावर २०१८ पासून नेमल्या जाऊ लागलेल्या समुदाय आरोग्य अधिकारी पाहतात. त्यांच्यात बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आपल्या कितीतरी मुली आहेत. योजना चांगली आहे. परंतु दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, गाव सोडतो तो उन्हाळ्यातच परततो. त्या सहा महिन्यांत फॉर्म कोणाचा भरला जातो? जो घरी आहे त्याचा. मग गावाचा आकडा निघतो तो गावात राहिलेल्यांचा असतो. फडावर पहाटे चारला उठणाऱ्या बाईची गोळी चुकते, जेवणाची वेळ चुकते, तिची साखर कोणत्या रजिस्टरवर आहे? हा प्रश्न तिथल्या सिस्टरला रोज दिसतो. पण प्रश्न दिसणे वेगळे, आणि तो अभ्यासाच्या रूपात मांडून, नमुना कसा निवडायचा ते ठरवून, फडावर जाऊन, उत्तर छापून आणणे वेगळे. तेच शिकवायचे असते.

तिसरा विषय जरा नाजूक आहे, परंतु आपल्या समाजाने तो ऐकला पाहिजे. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी आता सगळीकडे होते. तांबड्या पेशीला साखर चिकटते आणि ती पेशी साधारण १२० दिवस जगते, या हिशेबावर ही तपासणी उभी आहे. पेशी लवकर मरत असेल तर आकडा खरा असेल त्याहून कमी दिसतो. लोहाच्या कमतरतेत तो उलट जास्त दिसू शकतो, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचा गुण आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच त्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासींमध्येही तो आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांमध्ये अभ्यास झाला तेव्हा, रक्तातली साखर तेवढीच असूनही सिकलसेलचा गुण असलेल्यांचा एचबीए१सी सुमारे ०.३ ने कमी येतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. दिसायला ०.३ म्हणजे काहीच नाही. पण मधुमेह आहे की नाही ही रेषा ६.५ वर ओढलेली असते. रेषेजवळच्या माणसाला "तुम्हाला काही नाही" असे सांगून घरी पाठवले जाऊ शकते. तिकडे हे शोधले गेले कारण तिथे कोणीतरी विचारले, की ही मोजपट्टी सगळ्यांना सारखीच लागू पडते का? आपल्यासाठी हे कोण विचारणार आहे? ज्याच्या घरात रोग आहे तो विचारेल.

एवढे सांगितल्यावर प्रशिक्षणाचा मुद्दा येतो आणि तिथे आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन हा विषय आहे. पदवीला गटाने प्रकल्प करावा लागतो, एम.एस्सी.ला प्रबंध लिहावा लागतो. नात्यातल्या आणि ओळखीच्या मुलींचे बरेच प्रबंध आम्ही चाळले. सोनेरी अक्षरांचे काळे पुठ्ठे, आणि आत बहुतेक एकच साचा. साठ माणसे घ्यायची, मधुमेहाबद्दल प्रश्नपत्रिका द्यायची, तासभर माहिती सांगायची, आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतात. ते वाढणारच, प्रश्नपत्रिका फुटलेली आहे! मग निष्कर्ष लिहायचा की शिक्षण परिणामकारक ठरले. त्या साठ माणसांची साखर कमी झाली का, हे कोणी पाहत नाही. मुलींचा यात दोष नाही. त्यांना वेळ सहा महिन्यांचा, खर्च स्वतःचा, आणि त्यांच्या मार्गदर्शिकांनीही असेच प्रबंध लिहिलेले.

आमच्या बँकेत मार्च अखेरीस ठेवी वाढतात. एखाद्या साहेबाने फेब्रुवारीत नवी योजना काढली तर एप्रिलमध्ये तो म्हणेल, माझ्या योजनेने ठेवी वाढल्या. शेजारच्या शाखेत योजना नव्हती, तिथल्या ठेवी किती वाढल्या, हे विचारले की साहेब गप्प होतात. संशोधनात ही शेजारची शाखा लागते. हरियाणा आणि कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. निम्म्या केंद्रांत नर्सच्या हाती टॅब्लेट दिला. तिने रुग्णाची माहिती भरायची, टॅब्लेटने उपचाराचा सल्ला सुचवायचा. रुग्णांचा रक्तदाब उतरला, साखर उतरली. पण टॅब्लेट नसलेल्या केंद्रांतही ती तितकीच उतरली! तुलना नसती तर सगळ्या देशात टॅब्लेट वाटले गेले असते. हा निष्कर्ष निराशेचा आहे असे काहींना वाटेल. आम्हांस तो फार मोलाचा वाटतो, कारण संशोधकांनी आपल्याच कल्पनेच्या विरुद्ध गेलेला आकडा लपवला नाही. तरुण नर्सला सर्वांत आधी शिकवायचे असेल तर हे धैर्य शिकवावे.

दुसरे शिकवायचे ते मोजणे. हे सोपे वाटते. एका शिबिरात आम्ही पाहिले, वजनकाट्याचा काटा माणूस चढायच्या आधीच एक किलोवर होता आणि पट्टी नऊवारीच्या घड्यांवरून फिरवली जात होती. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, कपडा बाजूला करून. आपल्याकडे पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. नऊवारीच्या घड्या पट्टीखाली आल्या तर अख्खा गाव धोक्यात! रक्तदाब घ्यायचा तो माणसाला पाच मिनिटे स्वस्थ बसवून. उपाशीपोटी म्हणजे आठ तास काही नाही, आणि आपल्याकडे "फक्त चहा घेतला" हा उपास समजला जातो, हेही लक्षात ठेवायचे. बँकेत एक व्हाउचर लिहितो आणि दुसरा ते तपासून पास करतो. तसे दोन सिस्टरनी एकाच माणसाची कंबर वेगवेगळी मोजायची, एकमेकींचा आकडा न पाहता, आणि फरक किती येतो ते लिहायचे. पन्नास माणसांवर हे केले की कोणाचा हात कुठे सैल आहे ते कळते. आणि भाकरी! आहाराच्या प्रश्नावलीत "रोज किती भाकरी" असे विचारतात. अकोल्याच्या डोंगरातली नाचणीची भाकरी, पाथर्डीची बाजरीची आणि शहरातली ज्वारीची पातळ भाकरी, या तिन्ही 'एक' कशा होतील? तराजू घेऊन जावे लागते.

तिसरी गोष्ट संमतीची. संशोधनासाठी रक्त घ्यायचे तर माणसाची लेखी संमती लागते. संमतीपत्र इंग्रजीतून मराठीत आणलेले असते आणि ते वाचून आम्हांसही घाम फुटतो. गरीब माणसाला वाटते हे रेशनचे किंवा घरकुलाचे काही असेल, तो अंगठा देतो. ही संमती नव्हे. "नाही म्हणालात तरी तुमचे औषध बंद होणार नाही" हे वाक्य त्याच्या बोलीत, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगता आले पाहिजे. आणि तपासणीचा निकाल त्याला परत नेऊन दिला पाहिजे. आपल्या लोकांचे रक्त, आपल्या लोकांचे आकडे आणि त्यावर छापलेले पुस्तक दुसऱ्याच्या कपाटात, असे पुष्कळ झाले.

काही जण म्हणतील, आमच्या मुलींना एवढे झेपेल का? त्यांनी जामखेडला जाऊन यावे, लांब नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे प्रकल्प सुरू केला आणि खेड्यातल्या, पुष्कळशा दलित, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्या बायकांनी बाळांचे वजन घेतले, बाळंतपणे केली, कुष्ठरोग आणि क्षयरोग ओळखले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर त्या बायकांकडून शिकायला जामखेडला आले. निरक्षर बाईला जे जमले ते पदवीधर मुलीला न जमायला कारण काय?

कारण एक आहे, आणि ते आमच्या टेबलावर आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. जी.एन.एम. झालेल्या मुलीला संशोधनापर्यंत जायचे तर दोन वर्षे पोस्ट बेसिक, मग एम.एस्सी.ची दोन, मध्ये नोकरीचा अनुभव, आणि मग पीएच.डी. इतका लांबचा रस्ता हप्ता थांबून पाहत नाही. मुलगी मिळेल त्या दवाखान्यात रात्रपाळी धरते. दोन वर्षांत लग्न होते. आम्ही अशा फायली बंद होताना पाहतो. कर्ज फिटले याचा शिक्का मारतो. म्हणून घरच्यांना हात जोडून सांगणे आहे, की एका मुलीच्या बाबतीत तरी घाई करू नका. अनुसूचित जातीच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, केंद्राचीही राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. तिथे इतिहास, मराठी, राज्यशास्त्र घेणारी मुले अर्ज करतात, ते चांगलेच आहे. नर्सिंगच्या मुलींनीही जाहिराती वाचाव्यात, अटी विचाराव्यात. कागदपत्रांची फाईल लावण्यात आमची हयात गेली, ती लावून देण्याचे काम आमच्याकडे लागले.

परंतु शिष्यवृत्ती म्हणजे प्रशिक्षण नव्हे. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत तिला आठवड्यातला एक दिवस ड्युटीतून मोकळा हवा, आणि चुकले तर सांगणारी, जमले तर निबंधावर तिचे नाव पहिले घालू देणारी ज्येष्ठ व्यक्ती हवी. हे दवाखान्यांनी आणि सरकारने द्यायचे आहे. २०२३ साली संसदेने नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा केला, त्यातून याला जागा मिळावी अशी मागणी नर्सच्या संघटनांनी लावून धरावी.

आपल्या संस्थेला करता येईल ते अगदी लहान आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आपले वाचनालय नर्सिंगच्या मुलींसाठी दोन तास मोकळे ठेवायचे अध्यक्षांनी मान्य केले आहे. पहिल्या बैठकीला एक वजनकाटा, दोन पट्ट्या आणि कोरी रजिस्टरे असतील. मुलींनी एकमेकींची कंबर मोजायची आणि दोन आकड्यांतला फरक फळ्यावर लिहायचा. दुसऱ्या बैठकीत एक संमतीपत्र केडगावच्या मराठीत लिहून काढायचे आणि ते आपल्या आजीला वाचून दाखवून यायचे. सांख्यिकी शिकवायला कॉलेजातले कोणी प्राध्यापक मिळतात का, ते पाहणे चालू आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर आमच्याकडे नाव, शिक्षणाचे वर्ष आणि येण्याच्या बसची वेळ लिहून द्यावी.